करेक्ट सर म्हटल्याची हकिकत

मन वाचता येतं की नाही, याबद्दल माझं काहीही मत नव्हतं. बहुतेक विषयांवर माझं मत नसतं. समोरच्याचं जे असेल त्यात मी भाडेकरूसारखा राहतो. भिंतीला खिळेसुद्धा ठोकत नाही.

मिनलच्या वडिलांना मात्र मत होतं. ज्ञानदेवकाका पिंपरीतल्या एका कारखान्यात आयुष्यभर लेथ मशीनवर उभे होते. निवृत्त झाल्यावर अंगात जो जोर शिल्लक होता तो सगळा त्यांनी बुवा, बाबा, गंडे आणि दोरे यांच्याविरुद्ध लावला. गल्लीत कुणी नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधली की काका ती सोडून आणायचे आणि त्यांच्या पत्नी गिरजाकाकू त्याच लिंबाचं सरबत करून गाडीवाल्यालाच द्यायच्या. अशा घरात मला जावई म्हणून शिरायचं होतं. मिनलनं माझं नाव सांगितलं तेव्हा काकांनी पगार विचारला नाही, फ्लॅट कुणाच्या नावावर आहे तेही विचारलं नाही. त्यांनी एकच विचारलं, "पोरगा फसतो का?"

"माहीत नाही," मिनल म्हणाली. मला वाटतं ती इथे थोडी कमी पडली.

"मग पोहे करू नका," काका म्हणाले. "पोह्याची बशी हातात असली की सगळेच शहाणे दिसतात. त्याला जादूच्या प्रयोगाला आणा. मी शेजारी बसतो आणि बघतो, कुठं कुठं टाळ्या वाजवतो ते."

अशा रीतीनं, मुलगी बघायला गेलेला आणि स्वतः तिकीट काढून आत सोडलेला मी बहुधा आमच्या रावेतमधला पहिलाच मुलगा असेन. चिंचवडच्या नाट्यगृहात 'माइंड मास्टर के. राज' नावाच्या गृहस्थांचा प्रयोग होता. जाहिरातीवर त्यांच्या कपाळातून निळे किरण निघून एका बाईच्या कपाळात घुसत होते आणि बाईला त्याचं काही वाटत नव्हतं.

आमच्या सोसायटीत ही बातमी पसरायला लिफ्टचा एक प्रवास पुरला. सेक्रेटरी अर्जुनराव म्हणाले, "समाधान, टाळी वाजवायचीच नाही. हात मांडीखाली घालून बसायचं. बुद्धिवादी माणूस हा हातावरून ओळखतात." त्यांच्या पत्नी सुमनताई म्हणाल्या, "अहो, अगदीच नाही वाजवली तर पोरगा माणूसघाणा वाटेल. समाधान, सासऱ्यांकडे लक्ष ठेव आणि त्यांच्या किंचित मागून वाजव." माझ्या आईनं लातूरहून फोनवर फक्त, "इस्त्रीचा शर्ट घाल," एवढंच सांगितलं. या सगळ्यात तेवढा एकच सल्ला पुढे निरुपद्रवी ठरला.

प्रयोग सुरू झाला. मी, काका, काकू आणि मिनल अशा क्रमानं बसलो होतो. काकूंना मध्येच पंख्याचा वारा लागायला लागला म्हणून त्या माझ्या शेजारी आल्या, मिनल त्यांच्या शेजारी आली आणि काका तिच्या पलीकडे गेले. के. राज यांनी रुमालातून कबूतर काढलं.

"बाहीत होतं," काका मोठ्यानं म्हणाले.

कबुतराचा रुमाल झाला. "अंगठ्यात नकली टोपण आहे." पेटीतल्या मुलीचे दोन तुकडे झाले. "पाय दुसरीचे आहेत. मोजे बघ. वरची बाई घामाघूम झालीय, खालचीला घाम नाही." पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मागे वळून, "काका, आम्ही पैसे देऊन फसायला आलोय, जरा फसू द्या की," अशी विनंती केली. मी प्रत्येक वाक्याला मान डोलावत होतो. हात मांडीखाली होते, मान काकांच्या ताब्यात होती. मिनलनं काकूंच्या पाठीमागून हात घालून माझ्या खांद्याला हळूच बोट लावलं. एकूण आयुष्य मार्गी लागलं होतं.

मग के. राज यांनी एक लाल स्पंजचा चेंडू हातात घेतला आणि प्रेक्षकांकडे पाठ करून तो मागे भिरकावला. ज्याच्याकडे येईल त्यानं रंगमंचावर यायचं. चेंडू सरळ गिरजाकाकूंच्या नाकावर येत होता. काकू त्या वेळी पिशवीत बडीशेप शोधत होत्या. मी मांडीखालचा हात काढून चेंडू झेलला.

स्पंजच्या चेंडूनं काकूंच्या नाकाचं काहीही झालं नसतं, हे मला आता मान्य आहे.

"जा," काका खूश होऊन म्हणाले. "जवळून बघायला मिळतंय. डोळे उघडे ठेव."

मी एखाद्या तपासनिसासारखा वर गेलो. के. राज जवळून अगदीच साधा माणूस होता. काळा ब्लेझर खांद्यावर मोठा, भुवयांना काळी पेन्सिल, आणि कानात एक बारीक यंत्र, ज्याला तो सारखा बोट लावत होता. "साहेब," तो माइकमध्ये म्हणाला, "तुमच्या काळजाच्या सगळ्यांत जवळ असलेल्या मुलीचं नाव मनात आणा. ओठ हलवू नका."

मी मिनल हे नाव मनात आणलं. नुसतं आणलं नाही, फळ्यावर लिहून खाली रेघ मारावी तसं आणलं.

त्यानं डोळे मिटले. कानातल्या यंत्राला बोट लावलं. पुन्हा लावलं. टिचकी मारली. पेन्सिलीचा काळा ओघळ कानशिलावरून खाली यायला लागला.

"व..." तो म्हणाला. "व... वर्षाली!"



"बरोबर?" त्यानं विचारलं, आणि डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.

आता इथे माझ्या नोकरीबद्दल थोडं सांगावं लागेल. मी चाकणला, गाड्यांच्या ब्रेकच्या पेडलला लागणारी पट्टी बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्याकडे मोठ्या कंपन्यांचे ऑडिटर येतात. ऑडिटरसमोर 'नाही' हा शब्द वापरायचा नाही, असा आमच्या खात्याचा पाया आहे. तो काहीही म्हणाला तरी आधी 'करेक्ट सर' म्हणायचं, मग काय ते बघू. एकदा एका ऑडिटरनं आग विझवायच्या सिलिंडरकडे बोट दाखवून, "हे तुमचं हायड्रॉलिक युनिट का?" असं विचारलं. आम्ही सगळे एका सुरात 'करेक्ट सर' म्हणालो. तेव्हापासून त्या सिलिंडरचं ऑइल नियमित बदललं जातं.

तेव्हा समोर ब्लेझर घातलेला माणूस, त्याच्या हातात माइक, आणि 'बरोबर?' हा प्रश्न. माझ्या तोंडून जे निघायचं ते निघालं.

"करेक्ट सर."

नाट्यगृह दणाणून गेलं. के. राज यांनी मला मिठी मारली. टाळ्यांच्या त्या कडकडाटात आमच्या रांगेतली तीन माणसं टाळ्या वाजवत नव्हती. म्हणजे दोनच. गिरजाकाकू वाजवत होत्या.

बाहेर आल्यावर, पार्किंगमध्ये, काकांच्या आधी मिनल बोलली.

"वर्षाली कोण?"

"कुणी नाही."

"मग हो का म्हणालास?"

"त्याला वाईट वाटलं असतं गं. सगळ्या लोकांसमोर."

"आणि मला?" ती म्हणाली. "मी लोकांतच होते ना?"

मी मान डोलावली. ती या प्रसंगी चुकीची हालचाल होती.

काकांनी स्कूटरच्या सीटवर बोट आपटलं. "दोनच गोष्टी असू शकतात. एक, मन वाचता येतं आणि याच्या मनात वर्षाली आहे. मन वाचता येत नाही, त्यामुळे ती बाद. मिनल, तू त्याचं टेन्शन घेऊ नको, तसली कुणी पोरगी नाही." क्षणभर मला हायसं वाटलं. सगळ्या नाट्यगृहात माझ्यावर विश्वास ठेवणारा हा एकटाच माणूस होता. "दुसरी, हा खोटं बोलला. लोकांना फसवणाऱ्याच्या शेजारी उभं राहून यानं लोकांना फसवलं. लफडं असतं तर मी एक वेळ समजून घेतलं असतं, लेका."

"पण मी म्हणते," गिरजाकाकू मध्येच म्हणाल्या, "त्यानं वळखलं कसं?"

काकांचा चेहरा मी विसरणार नाही. लिंबाचं सरबत करणारी त्यांची स्वतःची बायको, आणि ती पार्किंगमध्ये उभी राहून विचारत होती, की त्या माणसाला भेटून आपलं हरवलेलं कर्णफूल कुठं आहे ते विचारता येईल का. "बघ," काका मला म्हणाले. "हे तू केलंस. माझ्या घरात."

लग्नाचं बोलणं तिथेच थांबलं. मिनलनं हेल्मेट घातलं आणि काच खाली केली. हेल्मेट माझंच होतं, पण ती वेळ ते सांगायची नव्हती.

इथे एखाद्याला वाटेल की प्रकरण संपलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी त्या प्रसंगाचा व्हिडिओ टाकला. खाली टाळ्या, फुलं आणि हात जोडलेले लोक. आणि मग माझ्या लक्षात आलं, की आमच्या सोसायटीत वर्षाली नावाची एक मुलगी आहे. ती अर्जुनराव आणि सुमनताईंची मुलगी आहे. ती स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, गच्चीवर फेऱ्या मारत मोठ्यानं घटना पाठ करते, आणि कलमांच्या पलीकडे आमचं कधी बोलणं झालेलं नाही.

दाराची बेल वाजली. अर्जुनराव होते. मागे सुमनताई. त्यांच्या मागे खुद्द वर्षाली, हातात पुस्तक, मध्ये बोट.

"मनात होतं तर मनात ठेवायचं होतं," अर्जुनराव म्हणाले. "किंवा मला सांगायचं. सेक्रेटरीच्या परवानगीशिवाय असं बाहेरच्या माणसाकडून जाहीर करणं योग्य नाही."

"तसं काही नाहीये काका, मी..."

"अहो, बोलू द्या त्याला," सुमनताई म्हणाल्या. "मुलगा तसा चांगला आहे. मेंटेनन्स वेळेवर भरतो."

"आई, प्लीज," वर्षाली म्हणाली आणि पुढे आली. ती अतिशय समजूतदारपणे, खालच्या आवाजात माझ्याशी बोलली. "समाधानभाऊ, तुमच्या भावनांचा मी आदर करते. पण सध्या मला अभ्यासावर लक्ष द्यायचंय. आणि खरं सांगू का, अभ्यास नसता तरी नाहीच. वाईट वाटून घेऊ नका. तुम्हाला कुणीतरी भेटेल."

हा माझ्या आयुष्यातला पहिला रीतसर नकार. तो अशा मुलीकडून आला जिला मी काहीही विचारलं नव्हतं. आणि चमत्कारिक गोष्ट अशी, की मला खरोखर वाईट वाटलं. त्या दिवशी मी दोनदा आरशात बघितलं. 'अभ्यास नसता तरी नाहीच' हे वाक्य तिला गाळता आलं असतं.

कंपनीत माझा मित्र भिमाजी यानं डबा खाताना सगळं ऐकून घेतलं. भिमाजी प्रत्येक गोष्टीकडे क्वालिटीच्या नजरेनं बघतो. त्याच्या घटस्फोटाचंही त्यानं कारणमीमांसेसह सादरीकरण केलं होतं. "भावा," तो म्हणाला, "ही सरळसरळ कस्टमर कंप्लेंट आहे. तू सांगून उपयोग नाही, तू तर रिजेक्टेड पार्ट आहेस. जिथून डिफेक्ट आला तो माणूसच उचलून कस्टमरसमोर उभा कर. जादूगारच म्हणू दे की मला काही येत नाही. खल्लास."

सल्ला मला पटला. मला सगळेच पटतात, हे वर आलंच आहे.

के. राज शोधायला वेळ लागला नाही. त्यांचं खरं नाव किसन. राहायला राजगुरुनगरला, आणि चाकणच्याच एका कंपनीत पॅकिंगला सुपरवायझर. आम्ही चौकातल्या एका टपरीवर भेटलो. बाजूला कंटेनरची रांग जागच्या जागी हॉर्न वाजवत होती, त्यामुळे आम्ही एकमेकांच्या कानाशी बोलत होतो. मला बघताच किसनरावांनी वाकून माझ्या पायाला हात लावला.

"अहो, हे काय!"

"साहेब, तुमी माझं डोळं उघाडलं. ऐका. इतकी वर्सं म्या लोकांना फशिवतोय. माझा माणूस भायेर रांगेत उभा ऱ्हातो, लोकांची बोलणी ऐकतो आन माझ्या कानात सांगतो. धंदाच हाय तो. पर तुमच्या वक्ताला ते मशीनच बंद पडलं. कानात आवाज न्हाई, काय न्हाई. म्हणलं, किसन, संपलास. आन तेवढ्यात..." त्यांचे डोळे भरून आले, "तेवढ्यात ते नाव आपोआप आलं बघा. हितं." त्यांनी छातीवर हात ठेवला. "आन तुमी म्हणलात, करेक्ट सर."

"किसनराव, त्याचं असं आहे..."

"मला खरंच येतंय, साहेब! म्या काल कंपनीत राजीनामा दिला."

एक कंटेनर दीर्घ हॉर्न वाजवून गेला. मला बोलायला तेवढी सवड मिळाली आणि मी ती वाया घालवली. "अभिनंदन," मी म्हणालो.

शेवटी मी त्यांना एवढंच सांगू शकलो, की पिंपरीला माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना तुम्हाला भेटायचंय. हे खोटं नव्हतं. भेटून काय करायचंय ते मी सांगितलं नाही.

रविवारी दुपारी आम्ही दोघं काकांच्या दारात उभे राहिलो. किसनराव ब्लेझर घालून आले होते. काकांनी दार उघडलं, आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. "मी माणूस आणलाय काका," मी म्हणालो. "तो स्वतः सगळं सांगेल." काकांच्या चेहऱ्यावर प्रयोगाच्या संध्याकाळनंतर पहिल्यांदा माझ्याविषयी थोडी आशा दिसली. मिनल आतून आली. तिनं मला पाणी दिलं, आणि पेला देताना हातही लगेच मागे घेतला नाही.

पण आमच्या आधी गिरजाकाकू पुढे झाल्या. "या, या, बसा. माझं एक काम हुतं. कर्णफूल हरवलंय. आईची आठवण हाय."

"गिरजा!" काका ओरडले.

किसनरावांनी डोळे मिटलेसुद्धा होते. "पाणी दिसतंय," ते म्हणाले. "पाण्याच्या जवळ हाय."

"बेसिन!" काकू किंचाळल्या. "तरी मी म्हणत हुते! समाधान, तेवढा खालचा पाइप उघडून बघता का जरा?"

"हो काकू," मी म्हणालो.

त्यामुळे या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग घडला तेव्हा मी स्वयंपाकघरात सिंकच्या खाली, पान्यासह, पाठीवर झोपलेलो होतो. मला चार जोड्या पाय दिसत होते. पाइप सुटला, आणि कालपासूनचं सगळं पाणी इस्त्रीच्या शर्टावर आलं. त्यात कर्णफूल नव्हतं. कढीपत्ता होता.

"आता बास!" काकांचे पाय जवळ आले. "समाधान, तिथंच राहा आणि सांग. त्या दिवशी तुझ्या मनात कुठलं नाव होतं?"

किसनरावांच्या बुटांची टोकं माझ्याकडे वळली. त्यांना पॉलिश केलेलं होतं. राजीनामा दिलेल्या माणसाचे ते बूट होते. मी डोळे मिटले. अख्ख्या आयुष्यात जे वाक्य मी कुणालाही म्हटलं नव्हतं, ते सिंकच्या खालून म्हटलं.

"मिनल. तुमचं चुकलं होतं, किसनराव. मला माफ करा. चूक होतं ते."



"म्हंजी," किसनरावांचा आवाज आला, "काय सुदीक आलं नव्हतं?"

"नाही."

ते खाली बसले असावेत, कारण बुटांच्या मागे आता ब्लेझरही दिसायला लागला. काकूंनी त्यांना पाणी दिलं आणि त्यांनी चाकणची कंपनी आणि राजीनामा, सगळं सांगून टाकलं. काका म्हणाले, "उद्या सकाळी कंपनीत जा आणि राजीनामा मागं घे. तुझ्या साहेबाला मी ओळखतो, मी पण येतो सोबत." मग त्यांनी वाकून मला हात दिला आणि सिंकखालून बाहेर ओढलं. त्यांनी माझ्या ओल्या खांद्यावर थाप मारली. "उशिरा का होईना, नाही म्हणालास. जमेल."

जमेल! मी मिनलकडे बघितलं. मी नखशिखान्त भिजलो होतो, केसात कढीपत्ता होता, आणि मी हसत होतो.

ती हसत नव्हती. विचारात होती.

"समाधान, एक विचारू? चाकणहून येताना बसमध्ये मी तुला म्हणाले होते, आपण लग्न करू या का. तू लगेच हो म्हणालास. ते तुला हवं होतं म्हणून, की मला वाईट वाटू नये म्हणून?"

"हवं होतं म्हणून," मी म्हणालो.

"आणि नको असतं तर काय म्हणाला असतास?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. तेच तर माझं चुकलं. काकांनी घसा साफ केला. काकूंनी ओढणीच्या टोकाशी चाळा करणाऱ्या लेकीकडे बघितलं.

"मला खात्री होईपर्यंत आपण थोडं थांबू या," मिनल हळूच म्हणाली. तिचे डोळे माझ्या चेहऱ्यावरून हलत नव्हते. "थांबू या ना? चालेल तुला?"

त्या क्षणी त्या स्वयंपाकघरात मला सगळ्यांची मनं स्वच्छ वाचता येत होती. काकांच्या मनात 'नाही म्हण, लेका' असं होतं. काकूंच्या मनातही तेच होतं. जमिनीवर बसलेले किसनराव सगळं विसरून मान नकारार्थी हलवत होते. आणि मिनलच्या मनात तर ते इतकं मोठ्यानं होतं, की मला कुठल्याच यंत्राची गरज नव्हती.

"चालेल," मी म्हणालो.